घरचे डॉक्टर ‘नको’ म्हणतात तेव्हा



ज्या घरातील दोन-तीन पिढ्यांची दुखणी एकाच डॉक्टरांनी पाहिली, त्या घरात त्यांचा शब्द मोडणे जड जाते. अशा घरातील एखाद्या बाईंनी वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी विचारले आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘हे खूळ डोक्यातून काढा. खाणे आवरा आणि रोज चाला,’’ तर त्यांनी पुढे काय करावे? आजचा आमचा विषय एवढाच आहे. बहुतेक माणसे दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी निमूट गप्प बसतात. कोणी डॉक्टरांना न कळविता परगावी जाऊन शस्त्रक्रिया उरकून येतात. आमच्या मते हे दोन्ही मार्ग घातक आहेत.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे ते पाहू. ती कालपरवाची नव्हे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासची शस्त्रक्रिया १९६६ साली केली. आज दोन प्रकार विशेष रूढ आहेत. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते हे खरेच. परंतु तेवढ्यावर हे थांबत नाही. भुकेचे आणि तृप्तीचे निरोप मेंदूस पोचविणारी द्रव्ये जठरात व आतड्यांत तयार होतात. शस्त्रक्रियेने ते निरोपच बदलतात. बायपासनंतर पुष्कळांची रक्तातील साखर वजन उतरण्यापूर्वीच खाली येऊ लागते, ती यामुळेच.

आता डॉक्टरांच्या नकाराकडे वळू. ‘नको’ हा शब्द एकच असला तरी त्यामागील कारणे तीन प्रकारची असू शकतात.

पहिला प्रकार, त्या रुग्णापुरत्या खऱ्या वैद्यकीय कारणाचा. हृदय भूल सोसण्याजोगे नसेल, दारूचे व्यसन असेल, लवकरच मूल हवे असेल किंवा जन्मभर औषधे व तपासण्या सांभाळणे जमणार नसेल, तर तो नकार मोलाचा आहे. तो ऐकलाच पाहिजे.

दुसरा प्रकार जुन्या माहितीचा. वजनाचा आकडा किलोत घेऊन त्यास मीटरमधील उंचीने दोनदा भागले की येणाऱ्या अंकास ‘बीएमआय’ म्हणतात. उंची १६० सेंटीमीटर आणि वजन ९६ किलो असेल तर तो ३७.५ येतो. अमेरिकेत १९९१ साली ठरलेला दंडक असा होता की, हा अंक ४० असावा, किंवा ३५ असून जोडीला गंभीर विकार असावा. पुढे २०२२ साली या शाखेच्या दोन मोठ्या संस्थांनी तो बदलला. आता ३५ च्या वर इतर विकार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवितात, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार करावा असे म्हणतात. आशियाईंना निराळे माप का? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच का गाठतो, याचा उलगडा यातून थोडाबहुत होतो.

तिसरा प्रकार नीतीच्या निवाड्याचा. ‘‘जिभेवर ताबा नाही, म्हणून ही वेळ आली,’’ हे त्याचे सार. हे वैद्यक नव्हे. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढविते आणि शक्तीचा खर्च आखडते. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे आहार सांभाळणाऱ्याचेही वजन पुन्हा चढते, ते यामुळे. त्यास आळशी ठरविणे अन्यायाचे आहे.

म्हणून भीड न धरता विचारावे: ‘‘डॉक्टर, नको म्हणता, ते माझ्या प्रकृतीतील कोणत्या गोष्टीमुळे? शस्त्रक्रिया केली नाही, तर येत्या दहा वर्षांत माझ्या मधुमेहाचे आणि गुडघ्यांचे काय होईल? तुमच्या मते दुसरा उपाय कोणता, आणि तो किती दिवस करून पाहावा?’’ या शेवटच्या प्रश्नास आता अधिक अर्थ आहे. टिर्झेपटाइडसारखी वजन उतरविणारी नवी औषधे २०२५ साली भारतात विक्रीस आली आहेत.

डॉक्टरांची भीती निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ०.३ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले आणि ४.३ टक्क्यांना गंभीर त्रास झाला. उलट बाजूस, स्वीडनमधील मोठ्या अभ्यासाचा २००७ सालचा निष्कर्ष पाहा. सुमारे अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकी १०१ वारले. न झालेल्या २,०३७ जणांपैकी १२९. दोन्ही आकडे तराजूत घालूनच निर्णय घ्यावयाचा असतो.

उत्तराने समाधान झाले नाही, तर दुसरे मत घ्यावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क नोंदलेला आहे. मात्र ते मत उघडपणे घ्यावे. ‘‘तुमचा विरोध आहे हे मी त्यांना सांगेन, तुम्हीच चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट द्या,’’ असे म्हणावे. मत एकट्या सर्जनचे घेऊ नये; मधुमेह व ग्रंथींच्या तज्ज्ञांनाही दाखवावे. पाच मिनिटांत ‘नको’ म्हणणाऱ्याइतकेच पाच मिनिटांत ‘या, करून टाकू’ म्हणणाऱ्यापासूनही जपावे. आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्रास किती जणांना झाला आणि पाच वर्षांनी आम्हांस कोण तपासणार, हे सर्जनना विचारावे. विम्याचे कागदही आधी पाहावेत. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या अटींत डॉक्टरांचा सल्ला तर आहेच, शिवाय बीएमआय ४०, किंवा गंभीर विकारांसह ३५, हेच जुने माप आहे. म्हणजे सर्जन ‘हो’ म्हणाले तरी विमा कंपनी ‘नाही’ म्हणू शकते.

घरच्या डॉक्टरांपासून हे लपवू नये, असे आम्ही का म्हणतो? शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. पुढची सारी वर्षे त्यांच्याच दवाखान्यात काढावयाची असतात. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व जन्मभर पुरवावे लागते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या लगेच कमी कराव्या लागतात. नाहीतर साखर एकाएकी उतरून घेरी येते. ज्यांस बायपासची कल्पनाच नाही असे डॉक्टर गुडघेदुखीसाठी नेहमीची वेदनाशामक गोळी लिहून देतील, आणि तीच गोळी नव्या जोडावर व्रण पाडील. यात त्यांचा दोष काय? सतत उलट्या होऊ लागल्या, हातापायांना मुंग्या आल्या, तर कारण ओळखण्यास त्यांना आधीची हकिगत ठाऊक पाहिजे.

मतभेद असूनही ज्यांनी चिठ्ठी लिहून दिली, त्या डॉक्टरांचे उपकार मानावेत. सर्व बाजू समजून घेतल्यावर ‘हो’ म्हणावयाचे की ‘नाही’, हे शेवटी ज्याच्या पोटावर सुरी चालणार त्यानेच ठरवावयाचे आहे. आणि ते ठरले की पहिली बातमी घरच्या डॉक्टरांना द्यावी.