राजे दोन टोकांना, प्यादी मोकळी

बुद्धिबळाचा पट आमच्या बदलापूर गावात मांडा की तुमच्या गावात, पद्धतीवरून थोडा वाद ठरलेलाच. जुन्या मंडळींच्या देशी खेळात प्यादे एकेक घरच सरकते; राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. शाळेतली मुले आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात. त्यांत पहिल्या चालीला प्याद्याला दोन घरे चालता येतात, आणि राजा हत्तीच्या आडोशाला जातो. हाच किल्लेकोट.

आता पाहा. दोन्ही राजे एकाच बाजूला बसले, तर त्यांच्यापुढची तीन प्यादी म्हणजे परसाचे कुंपण. तीच पुढे ढकलायची म्हणजे आपल्याच कुंपणाच्या काठ्या उपसून शेजाऱ्यावर धावायचे! पण एक राजा वजिराकडे आणि दुसरा राजाकडे गेला, की चित्र पालटते. आपले घर या टोकाला, आणि शत्रूच्या राजासमोरची आपली प्यादी त्या टोकाला. त्यांना आता खुशाल सोडावे. मात्र पटाचा मधला भाग आधी बघून घ्यावा बरे का! तिथे वाट मोकळी असेल, तर आपली प्यादी पोचण्याआधीच शत्रू मधूनच घुसतो.

1958 साली पोर्तोरोझ येथे बॉबी फिशर आणि डेन्मार्कचा बेंट लार्सन यांचा डाव झाला. फिशर तेव्हा अवघा 15 वर्षांचा. त्याचा राजा वजिराच्या बाजूला, लार्सनचा दुसऱ्या टोकाला. लार्सनच्या राजापुढचे घोड्याचे प्यादे एक घर पुढे आलेले होते. झोंबायला तेवढे पुरते. 17व्या आणि 18व्या चालीला फिशरने हत्तीचे प्यादे घरामागून घर पुढे नेले, 19व्या चालीला ते त्या प्याद्याला भिडवले, आणि मारामारी होऊन हत्तीची उभी पट्टी उघडली. मग घोड्याचे प्यादे धावले. 22व्या चालीला फिशरने घोड्याच्या बदल्यात आख्खा हत्ती देऊन टाकला. एरवी हा तोट्याचा सौदा. इथे राजाच उघडा पडला. 31 चालींत लार्सनने डाव सोडला.

लार्सन काही स्वस्थ बसला नव्हता. त्यानेही 12व्या आणि 13व्या चालीला दुसऱ्या बाजूचे प्यादे रेटले होते. पण पुढे 15व्या, 16व्या आणि 18व्या चालीला त्याचे हत्तीच हलले, आणि त्याच्या हत्तीचे प्यादे निघाले ते थेट 20व्या चालीला. त्याला आणखी एक घर पुढे टाकून फिशरच्या उंटावर चालून जायचे, तर एक चाल हवी होती. ती त्याला मिळालीच नाही.

गुरुजींनी हा डाव फळ्यावर मांडावा, आणि दोन्ही बाजूंची प्यादी किती चाली चालली, ते मुलांकडून मोजून घ्यावे.