तारे पाहणाऱ्या मुलांनी काय शिकावे?



ईदचा चंद्र दिसला की मोठी माणसे गच्चीवरून खाली उतरतात; एखादे मूल मात्र वरच थांबते. मीही थांबत असे. पण गणिताच्या भीतीने दहावीनंतर कला शाखा घेतली आणि ती वाट बंद झाली.

खगोलशास्त्र या नावाची पदवी आपल्याकडे क्वचितच मिळते. म्हणून निराश होऊ नका. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. करणे, हीच पहिली पायरी. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठातून बी.एस्सी. झाले, केंब्रिजला गणित शिकले आणि मग खगोलशास्त्राकडे वळले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे ते संस्थापक-संचालक.

रोहिणी ताऱ्याला जगभर अल्देबरान म्हणतात. हे नाव अरबी आहे. पण नावाचा नुसता अभिमान पुरत नाही. गणितेही सोडवावी लागतात.

“याने पोट भरेल का?” हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पण भौतिकशास्त्राच्या पदवीधराला अध्यापन, संगणक अशा इतर वाटाही मोकळ्या राहतात. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर गणित सोडू देऊ नका, एवढे सांगून आपली रजा घेतो.