आघाताची जागा : स्पॅनिशमधील वैद्यकीय शब्द



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यापुढे बसून मी लघुगुरू मोजावयास शिकलो. पुढे माद्रिदमध्ये दुभाष्याचे काम करू लागलो, तेव्हा ती मोजणी अपुरी पडली. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ पालटत नाही; स्पॅनिशमध्ये पालटतो.

'मेदिको' हा शब्द घ्या. पहिल्या अक्षरावर आघात दिला तर तो वैद्य, मधल्यावर दिला तर 'मी औषध देतो', शेवटच्यावर दिला तर 'त्याने औषध दिले'.

नियम सुटसुटीत आहे. शब्दाच्या अंती स्वर, न् अथवा स् असेल तर आघात उपान्त्य अक्षरावर, एरवी अन्त्यावर. अपवाद असेल तेथे आघाताच्या स्वरावर तिरपी रेघ द्यावयाची. हृदयवाचक 'कोराथोन' न्-कारान्त, पण आघात शेवटी, म्हणून रेघ.

खरी अडचण अक्षरे पाडण्यात आहे. रक्तक्षय आणि न्यूमोनिया यांचे स्पॅनिश शब्द इ आणि आ या दोन स्वरांनीच संपतात. पहिल्यात ते मिसळून 'आ-ने-म्या' अशी तीनच अक्षरे होतात. दुसऱ्यात इ-वरची रेघ त्यांना वेगळे करते आणि 'पुल-मो-नी-आ' अशी चार पडतात. अर्धांगवायूच्या शब्दाला तर 1713 साली स्थापन झालेल्या राजकीय अकादमीच्या कोशात दोन्ही रूपे मान्य आहेत. तेथे परक्याने कोणाचे ऐकावे!

एकदा एका वृद्ध रुग्णाच्या पत्नीची चिठ्ठी माझ्या हाती आली. सारा मजकूर मोठ्या लिपीत, रेघांविना. मोठ्या अक्षरांना रेघ लागत नाही असा समज तिकडे रूढ आहे. अकादमीला तो मान्य नाही. चिठ्ठीत होते 'तोमो', पुढे 'दोन गोळ्या'. मी पहिल्या अक्षरावर आघात धरला : 'मी दोन गोळ्या घेते'. बाईंचे स्वतःचे औषध असेल, असे समजून मी चिठ्ठी बाजूस ठेवली. त्यांना म्हणावयाचे होते, 'ह्यांनी दोन गोळ्या घेतल्या'. आघात शेवटी होता. परिचारिका रक्तदाबाच्या त्याच गोळ्या पुन्हा देणार, तोच बाई आत आल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

त्या रात्री मला गुरुजींनी सांगितलेला 'इन्द्रशत्रु' आठवला. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. स्वर चुकला आणि इंद्रच ज्याचा वधकर्ता असा पुत्र झाला. वर्गात आम्ही त्या कथेला हसलो होतो.

तेव्हापासून कोणतीही चिठ्ठी मी लिहिणाऱ्याकडूनच मोठ्याने वाचवून घेत असे.