गिअरबॉक्स आणि गृहस्थ



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत अनेक विषयांचा ऊहापोह झाला आहे. त्या पंक्तीत आज गिअरबॉक्स येऊन बसला, याचे काहींना हसू येईल. पण दाराशी उभ्या असलेल्या वाहनाच्या पोटात काय चालते, याविषयी आपण सुशिक्षित माणसे बहुधा अजाण असतो. त्या अजाणपणाची किंमत आम्ही मोजली आहे. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आमची गाडी म्हणजे जुनी ओम्नी. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि तेथून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे गेलेला. इंजिन जागेवर ठेवून गिअरबॉक्स खालून उतरवता येतो, तो या मांडणीमुळे.

गिअरबॉक्सचे काम काय? इंजिनाचा जोर ठरावीक वेगाच्या आतबाहेर उपयोगी पडत नाही. चढावर ओढ हवी, सपाटीवर धाव हवी. लहानमोठी दातेरी चाके हा सौदा जमवतात. धावत्या चाकांचे वेग आधी जुळवून मग दात गुंतवण्याची युक्ती १९२८ साली कॅडिलॅक गाडीत आली, आणि गिअर बदलताना होणारी खडखड थांबली. मात्र आमच्यासारख्या गाडीत या चाकांना तेल पुरवणारा पंप नसतो. तळाशी साचलेल्या तेलात चाके बुडतात, तेच तेल उडवतात आणि त्यावरच जगतात.

आमच्या गाडीखाली फरशीवर तेलाचे डाग पडू लागले. आम्ही काय केले? खाली पुठ्ठा सरकवला! फरशी स्वच्छ राहिली, आणि आजार बरा झाला असे आम्ही समजलो. पुढे गाडी उभी असताना घुरघुर ऐकू येई. क्लच दाबला की ती थांबे. जाणत्याला एवढी खूण पुरे. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा पुढचा दांडा फिरायचा थांबतो, म्हणून त्याबरोबर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या आतला. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज क्लचच्या बेअरिंगचा. आम्ही मात्र रेडिओ मोठा केला. मग एका चढावर कडकड आवाज होऊन गाडी जागीच थांबली. तेल काढले तर पेलाभरच निघाले, आणि त्यात चांदीसारखा चमकणारा लोखंडाचा कीस.

गॅरेजमध्ये सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला. तेव्हा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आम्ही वापरलेला गिअरबॉक्स आणला. आणण्यापूर्वी पुढच्या दांड्याच्या खाचा मोजल्या, प्रत्येक गिअर टाकून दांडा हाताने फिरवून पाहिला आणि पावती घेतली.

आता जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. लोखंडी घोड्या हव्यात, चाकांना उटी हवी. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे हलणार नाही, हा आपला नेहमीचा भरवसा. पण मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडला की तो भरवसा संपला. आम्ही प्रथम बॅटरीची तार सोडली. दांडा होता तसाच परत बसावा म्हणून त्यावर खूण केली. मग स्टार्टर आणि केबली काढल्या. गिअरबॉक्स सुटताच इंजिन मागे कलते, म्हणून त्याच्या बुडाखाली लाकूड घालून दुसरा जॅक लावला.

उतरवणे अर्ध्या दिवसाचे, चढवणे दोन दिवसांचे झाले. नवा गिअरबॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, बोल्ट आवळा, आपोआप ओढला जाईल.” मोह आम्हालाही झाला. तसे केले असते तर क्लचप्लेट वाकली असती, कदाचित कवच तडकले असते. पाना खाली ठेवून आम्ही सारे पुन्हा उतरवले. क्लचप्लेट केसभर बाजूला बसली होती. जुन्या गिअरबॉक्समधून काढलेला दांडा घालून ती बरोबर मध्यावर आणली, आणि दुसऱ्या दिवशी तोच गिअरबॉक्स हाताच्या दाबाने आत गेला. जे बळाने बसत नाही, ते बहुधा चुकीचे बसलेले असते.

नवे सील घातले, भरण्याच्या भोकापर्यंत तेल भरले. काढलेले तेल गटारात न ओतता जुने तेल घेणाऱ्याकडे दिले. गाडी चालू लागली.

सर्वांनी गाडीखाली शिरावे, असा उपदेश आम्ही करीत नाही. ज्याच्याकडे सपाट जागा, घोड्या आणि मदतीला दुसरा माणूस नाही, त्याने कारागिराकडेच जावे, आणि त्याच्या मजुरीवर घासाघीस करण्यापूर्वी हे दोन दिवस आठवावेत. आम्ही तरी आता ती करीत नाही. पण डाग पाहणे आणि आवाज ऐकणे, हे तर प्रत्येकाच्या हातचे आहे. गिअरबॉक्स एका चढावर मोडला असे आम्ही लोकांना सांगत होतो. खरे म्हणजे तो पुठ्ठा सरकवला त्या दिवशीच मोडू लागला होता. आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.