नर्सीच्या शिंप्याचं घर

पंढरीच्या दिंड्या माघारी निघाल्यात. परतवारी एकादशीला आपल्या नर्सीत पाय ठेवायला जागा राहणार नाही, तुमच्यातल्याही कितीतरी जणी तिथं असतील. म्हणून आज नामदेव महाराजांविषयी बोलावं म्हटलं. पण कीर्तनकार बुवा सांगतात तसं मला सांगता येणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी बचत गटांची सहयोगिनी. गटाच्या वह्या तपासायच्या, कुणाच्या घरात काय येतं आणि काय जातं ते बघायचं, हे माझं रोजचं काम. तेव्हा मी महाराजांच्या घराविषयी बोलते.

नामदेवांचा जन्म 1270 सालचा. आपण मानतो की तो कयाधूकाठच्या नर्सीतला. वडील दामाशेटी, आई गोणाई. घर शिंप्याचं, धंदा कापडाचा आणि शिवणकामाचा. पुढं बिऱ्हाड पंढरपूरला गेलं. घरात माणसं किती ते मोजा बरं. आई-वडील, नामदेव, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा ही चार पोरं, त्यांच्या चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई. शिवाय गंगाखेडहून लहानपणीच आलेली जनाबाई. एका वेळच्या भाकरीच किती लागत असतील! आणि हा सगळा भार कशावर? सुई, कैची आणि गजावर.

ही हत्यारं महाराजांनी कधी लपवली नाहीत. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यातल्या एका पदात गज, कैची, सुई, दोरा सगळं येतं. मन मापायला घेतो, जीभ कापायला घेतो, असं ते स्वतःविषयी सांगतात. धंदा हातात असलेल्या माणसालाच असं सुचावं.

आता धंदा कसा चालायचा, ते ऐका. गोष्ट सांगतात की दामाशेटींनी पोराला कापड देऊन बाजारात पाठवलं. पोरानं भजनाच्या नादात सगळं कापड रानातल्या धोंड्यांना उधारीवर देऊन टाकलं. वर एका धोंड्याला जामीन ठेवलं! मुदत भरली तरी पैसे येईनात, तेव्हा त्या जामिनालाच उचलून घरी आणून कोंडलं. त्या धोंड्याचं पुढं सोनं झालं म्हणतात. गटात ही गोष्ट सांगितली की बाया पोट धरून हसतात. हसू येतं कारण जामीन कुणाला घ्यावं नि कुणाला घेऊ नये, हे आपल्याला आता पक्कं कळतं.

राजाईला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या नावानं अभंग आहेत, आणि त्यात सरळ सरळ तक्रार आहे. घरात दाणा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, नवरा देवळात बसलेला. शिंप्याच्या बायकोला लुगडं मिळू नये! गोणाईनं तर थेट विठ्ठलाशी भांडण काढलं, माझा लेक मला परत दे म्हणून.

परिसाची गोष्टही राजाईचीच आहे. पंढरपुरात परिसा भागवत नावाचे एक गृहस्थ होते. रुक्मिणीच्या प्रसादानं त्यांच्याकडं परीस आला होता. त्यांची बायको कमळजा आणि राजाई मैत्रिणी. राजाईच्या घरची चूल थंड असते, हे कमळजेनं पाहिलं आणि नवऱ्याला न सांगता परीस तिला दिला. लोखंडाला लाव, सोनं कर, गरज भागव आणि आणून दे. राजाईनं तसं केलं, सामान आणलं, स्वयंपाक केला. नामदेव घरी आले, हे कुठून आलं विचारलं, आणि कळताच परीस नेऊन चंद्रभागेत टाकला. पुढं परिसा भागवत भांडायला आले, तेव्हा नामदेवांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढले, ते सगळेच परीस निघाले.

सांगणारे इथं महाराजांच्या वैराग्याला हात जोडतात. मीही जोडते. पण माझं मन त्या दोघींपाशी अडतं. अडचणीतल्या बाईला शेजारणीनं विश्वासावर दिलं, घेणारीनं घरासाठी वापरलं. याला आज आपण अंतर्गत कर्ज म्हणतो. ती वस्तू परत द्यायची होती. नदीत टाकण्याआधी राजाईला एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? हे म्हटल्यानं महाराजांचा मान कमी होत नाही, असं मला वाटतं. हे म्हणायची वाट त्यांच्या घरातूनच निघालीय.

कारण बघा, घरातल्या बायांची कुरकूर चारशे घरांत होते आणि चुलीच्या धुरात जाते. या घरातली राहिली. नामदेवांच्या गाथ्यात आईचे अभंग आहेत, बायकोचे आहेत, बहिणीचे, लेकीचे, सुनेचे आहेत. त्यातले काही मागाहून कुणी त्यांच्या नावानं रचले असतील, असं अभ्यासक म्हणतात. असतीलही. तरी त्या बायांच्या तोंडी बोल घालावेत असं लोकांना वाटलं, ते याच घराविषयी. जनाबाई दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं करणारी. तिचे तीनशेच्या वर अभंग आज बायांच्या तोंडी आहेत, आणि प्रत्येक कामात तिनं देवाला हाताखाली घेतलंय.

आपल्याकडं शिंपीकाम करणाऱ्या घरांत मी जाते. मशीनवर नवरा बसतो. तुरपाई, काजं, हूक-बटणं बायको करते, तेही घरचं सगळं आवरून. पाटी नवऱ्याच्या नावाची आणि मजुरीही त्याच्याच हिशोबात. त्या बाईला विचारलं काय करता, तर म्हणते, काही नाही, घरीच असते. गटाच्या वहीत मी तिचा धंदा ‘शिवणकाम’ लिहिते.

महाराजांविषयी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या अस्थी आणायला नामदेव स्वतः गेले आणि पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. पुढं नामदेवांनी आपली जागाही तिथंच, पायरीची मागून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून.

मधली कितीतरी वर्षं ते उत्तरेत होते. पंजाबात घुमान गावी आजही त्यांना बाबा नामदेव म्हणतात. 2015 साली तिथं मराठी साहित्य संमेलनही भरलं. तेवढी वर्षं पंढरपूरचं घर कुणी चालवलं, ते तुम्हाला सांगायला नको.

1350 साली, आषाढ वद्य त्रयोदशीला महाराज गेले. त्यांच्यासोबत घरातल्या सगळ्यांनी देह ठेवला, अशी परंपरा आहे. एकटी सून लाडाई मागं राहिली, बाळंतपणासाठी गेली होती म्हणून. तिच्या नावाचा एक अभंग आहे. त्यात शक, महिना, तिथी सगळं आहे, आणि सगळे गेले, मलाच का ठेवलं, असं ती विठ्ठलाला विचारते. तीच तिथी धरून आपण दरवर्षी महाराजांची पुण्यतिथी करतो.