ग्रंथालयाकडे येणाऱ्या तक्रारी

(सोलापूर येथे ग्रंथालय-कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



जुने ग्रंथ व नियतकालिके संगणकावर चढवून वाचकांना घरबसल्या उपलब्ध करून देण्याचे काम आता अनेक ग्रंथालयांनी हाती घेतले आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत वाचणाऱ्या सोलापूरसारख्या कामगार-शहराला या कामाचे मोल सांगावयास नको. परंतु ग्रंथ संकेतस्थळावर आला की त्यामागून तक्रारीही येतात. ‘हा मजकूर माझ्या मालकीचा आहे’ ही एक. ‘या मजकुराने आमच्या भावना दुखावल्या’ ही दुसरी. दोहोंना बहुधा एकच उत्तर मिळते : भानगड नको म्हणून ग्रंथ गुपचूप काढला जातो. माझा आक्षेप या उत्तराला आहे.

पहिली तक्रार श्रमाच्या मोबदल्याची आहे. विणकराच्या मजुरीसाठी भांडणाऱ्यांनी लेखकाची मजुरी बुडवू नये. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांची झाली. मृत्यूनंतर प्रथमच छापलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजावी लागतात. सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील छापील ग्रंथाची प्रत जतनासाठी संगणकावर ठेवता येते. ती जगाला खुली करणे ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा तक्रारदाराकडून हक्काचा पुरावा लेखी घ्यावा, ग्रंथ तात्पुरता बंद ठेवावा आणि ठरावीक मुदतीत निर्णय कळवावा. दुसऱ्याचा मजकूर वाचकापर्यंत नुसता पोहोचविणाऱ्या मध्यस्थांसाठी कायद्याने २१ दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. हाच विवेक ग्रंथालयानेही पाळावा.

दुसरी तक्रार अवघड आहे. ज्या सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदूइझम’ची आठवण समयोचित ठरेल. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तो ग्रंथ प्रसिद्ध करताच राम व कृष्ण यांवरील परिशिष्टाविरुद्ध काहूर उठले, सरकार कचरले. १९८८ च्या फेब्रुवारीत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. अखेर परिशिष्ट राहिले. सरकार त्या मतांशी सहमत नसल्याची टीप तेवढी जोडली गेली. मजकूर शाबूत आणि मतभेदही नोंदलेला, हा मार्ग तेव्हाच सापडला होता.

तो सोडला की काय होते ते ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात दिसले. जेम्स लेन यांच्या पुस्तकात ऋणनिर्देश होता एवढ्यावरून भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. सरकारने पुस्तक जप्त केले. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. बंदी घालणाऱ्या सरकारलाही कारणे द्यावी लागतात आणि ती न्यायालयात तपासली जातात. मग जमावाच्या एका दूरध्वनीवर ग्रंथपालाने बंदी घालावी, हे कोणत्या न्यायाने?

दुखावलेला प्रत्येकजण दांडगा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या नियतकालिकांतील जातिवाचक शिवी वाचून दलित वाचकाला होणारी वेदना खरी आहे. तरीही तो अंक पुसणे म्हणजे अन्यायाचा पुरावा पुसणे होय. तेथे स्पष्ट टीप हवी. हयात खासगी व्यक्तीची बदनामी, तिचा पत्ता, स्त्रीचे किंवा बालकाचे विटंबना करणारे चित्र, असा मजकूर मात्र तत्काळ हटवावा.

आपल्यापैकी अनेकजण ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांवर आहेत. तुटपुंज्या वेतनावरील ग्रंथपालाला एकट्याने जमावापुढे उभे करू नका. तक्रार लेखी असावी, तीत पृष्ठ व आक्षेप नमूद असावा. निर्णय मंडळाने सकारण द्यावा. काढलेल्या प्रत्येक ग्रंथाची नोंद वाचकांना दिसावी. असा ठराव तक्रार येण्यापूर्वीच करून भिंतीवर आणि संकेतस्थळावर लावा. जाळलेल्या पुस्तकाची राख तरी दिसते. संगणकावरून पुसलेले पुस्तक कधी होते, हेही वाचकाला कळत नाही.