चढ घाटाच्या आधीच सुरू होतो
(राजोडी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



राजोडीच्या किनाऱ्यावरून सायकलने नाशिकला जायचे, असे आम्ही आठ जणींनी ठरवले आहे. दिवस चार, मुक्काम तीन. आमच्यात भाजीचा धंदा करणारी आहे, अंगणवाडी सेविका आहे, रोज विरार लोकल पकडणारी नोकरदार आहे आणि एकसष्ट वर्षांच्या एक सासूबाईही आहेत. गावात पहिला प्रश्न आला, ‘‘कशाला?’’ दुसरा आला, ‘‘घरी कोण बघणार?’’ मी आज बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातल्या तिघांनी फेरी पुरी केली आणि १९२८ मध्ये ते परतले. मोठेच धाडस! पण इतकी वर्षे घरी कोण बघणार, असे त्यांना कुणी विचारले असेल असे मला वाटत नाही. आम्हाला चार दिवसांचा हिशेब द्यावा लागतो.

मागच्या वर्षीही आमचे ठरले होते. नकाशा काढला, सायकली दुरुस्त केल्या, अंतरे मोजली. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघी गळाल्या. एकीचे सासरे आजारी पडले. एकीला नवरा म्हणाला, ‘‘माझ्या डब्याचे काय?’’ तिसरीने कारणही सांगितले नाही. मग उरलेल्या पाच जणींचाही पाय निघेना. रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही रस्त्याचे नियोजन केले होते, घराचे केलेच नव्हते.

म्हणून यंदा पहिला कागद घराचा केला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतची आपली कामे प्रत्येकीने लिहायची आणि चार दिवस ते काम कोण करणार त्याचे नाव पुढे लिहायचे. एकीचा कागद पाठपोट भरला. पण खरा वाद झाला तो पुढच्या रकान्यावर. बहुतेक ठिकाणी नाव आले मुलीचे, जावेचे, नाही तर शेजारणीचे. आम्ही थांबलो. आपण मोकळे व्हायचे आणि ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवायचे, याला काय म्हणायचे? दोन आठवडे यावर भांडलो. शेवटी ठरले की निदान अर्धी कामे घरातल्या पुरुषांच्या नावावर हवीत आणि त्यांची सवय महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. एका घरी तीनदा भात करपला. चौथ्यांदा बरा झाला. जिथे जाऊ कामे घेणार आहे, तिथे पुढच्या फेरीला तिने जायचे आणि हिने घर सांभाळायचे, असे लिहून ठेवले आहे. आणखी एक ठरले. घरी परवानगी मागायची नाही, तारीख सांगायची.

दुसरा कागद पैशांचा. नोकरदारणीला रजा मिळते. भाजीवाली चार दिवस बसली नाही तर चार दिवसांची कमाई बुडते. तिला ‘तुझे तू बघ’ म्हटले तर ही सहल पगारदार बायकांचीच होईल. म्हणून वर्षभर भिशीतून थोडे बाजूला काढले, ते तिची बुडालेली कमाई भरून देण्यासाठी.

आता रस्ता. पहिल्या दिवशी विरार, शिरसाड फाटा, वज्रेश्वरी, अंबाडी करत वाडा. साठ-पासष्ट किलोमीटर, चढ थोडा, पण ट्रकची वर्दळ फार. एकामागे एक चालायचे, जोडीने गप्पा मारत नाही. दुसऱ्या दिवशी विक्रमगडमार्गे जव्हार. अंतर पंचेचाळीसच, पण जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. सपाटीवर ताशी बारा आणि चढावर ताशी पाच किलोमीटर धरले, तर विश्रांतीसह नऊ तास लागतात. सकाळी सातला निघालो तर चारला पोहोचू, अंधारापूर्वी दोन तास हातात राहतील. तिसऱ्या दिवशी मोखाड्यावरून त्र्यंबक, सातशे मीटरच्या वर. चौथ्या दिवशी नाशिक, आणि परत रेल्वेने.

चौघींच्या सायकलींना गिअर नाहीत. त्या चढावर उतरून सायकल ढकलतील आणि बाकीच्या थांबतील. सर्वांत सावकाश चालणारी पुढे राहील, वेग तिचा. सामान पाठीवर नको, कॅरिअरवर बांधायचे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, दाबत-सोडत यायचे. ओढणी घरी ठेवायची, चेनमध्ये अडकते. पाळी येणारच, तिची सोय सामानातच हवी. वाटेत शौचालय कुठे आहे हे आधी विचारून ठेवायचे. बाई कमी पाणी पिते ती याच भीतीने, आणि मग चढावर तिला चक्कर येते.

‘‘सोबत एखादा पुरुष न्या,’’ असे सांगणारे भेटतात. आम्ही नेणार नाही. भीती नाही असे नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवर जगाभोवती गेली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटले, तरी तिने एकोणतीस हजार किलोमीटर पुरे केले. धोका असतो हे धरूनच तयारी करायची. अंधारात चालायचे नाही, मुक्काम ओळखीच्या ठिकाणी करायचा, ११२ क्रमांक प्रत्येकीला पाठ हवा.

आता त्या ‘‘कशाला?’’चे उत्तर. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवणे धरले. शेतमजूर, खाणमजूर बायका हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना, हे मोठे होते.

आम्ही मात्र मौजेसाठी जातो आहोत, हे लाजता सांगते. बाईला कामाशिवाय, देवदर्शनाशिवाय, माहेरपणाशिवाय चार दिवस मिळावेत, हीही मागणीच आहे. पण डोळे मिटून जायचे नाही. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन तोच चढ चढतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत १९९२ मध्ये कुपोषणाने मुले गेली, तेही विसरायचे नाही. आपल्याला मौजेचा असलेला डोंगर त्यांना रोजचा आहे. म्हणून त्यांच्याकडे पाहुण्या म्हणून जायचे, फोटो काढणाऱ्या म्हणून नाही.

तुमच्याकडे एकच मागणे. वाडा, जव्हार, त्र्यंबक इथे तुमच्या गटांपैकी कुणाची ओळख असेल तर रात्रीपुरती आठ जणींची जागा सांगा. शिधा आमचा आम्ही आणू. आणि घरचा कागद मात्र आजच लिहायला घ्या, निघायचे नसले तरी.